दुधाच्या हिशेबाखालचे आकडे

ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब असतो. १, १, १॥, पाहुणे आले असतील तर २. २०१८ सालच्या कालनिर्णयात या हिशेबाखाली पेन्सिलीनं, अगदी बारीक, आणखी एक आकडा लिहिलेला आहे. जूनमध्ये ४, गणपतीत ७, दिवाळीत ११. घरात कुणी विचारलं नाही. दह्याचा किंवा ताकाचा काही हिशेब असेल, असं भावजींना वाटत राहिलं. दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागलं, त्याची ती नोंद होती. ज्या दिवशी रक्त पडलं, त्या दिवशीच्या आकड्याभोवती गोल. ऑक्टोबरपासून पुढचे सगळे आकडे गोलात आहेत.

ताई माझी मावसबहीण. वाईजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळेत शिक्षिकांसाठी एकच शौचालय, तेही मैदानाच्या पलीकडे. तिनं मुख्याध्यापकांना विनंती करून पहिला तास सोडवून घेतला, कारण विचारल्यावर ‘सासूबाईंचं औषधपाणी’ म्हणून सांगितलं. चौदा महिने हे चाललं. मला ती हे सगळं खूप नंतर सांगू शकली, आणि सांगतानाही स्वयंपाकघराचं दार तिनं लोटून घेतलं होतं.

आपल्याकडे शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध. हे समीकरण एसटी स्टँडच्या भिंतींवर, रेल्वे फाटकाशेजारच्या पत्र्यांवर रंगवलेलं असतं. त्यामुळे ते कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. ताईनंही तेच गृहीत धरलं. शेजारच्या काकूंनी सुरण सांगितला, सासूबाईंनी ताक आणि गुलकंद, कुणी कुड्याच्या सालीचा काढा. ‘उष्णतेनं पडतंय’ हे तर सगळ्यांचं एकमत. एका दवाखान्यात इंजेक्शनं झाली, दुसऱ्यात पंधरा दिवसांच्या पुड्या. आणि प्रत्येक उपायानं आठ-दहा दिवस खरोखर बरं वाटलं. यातच या दुखण्याचा मोठा धोका आहे. ते आपलं आपण चढतं आणि आपलं आपण उतरतं. उतरतीच्या काळात जे काही पोटात गेलं असेल, त्याला श्रेय मिळतं.

मूळव्याधीचं रक्त साधारणपणे शौच झाल्यावर थेंबथेंब पडतं किंवा मळाच्या वरून लागलेलं दिसतं. ताईला रक्तात मिसळलेली आव पडत होती. कळ इतकी अचानक येई की हातातला खडू ठेवायला उसंत नसे. जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसे, आणि रात्री दोन-तीन वेळा झोपेतून उठावं लागे. या प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून कुणीतरी सांगायला हवं होतं की, हे वेगळं आहे. कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. शेवटी प्रार्थनेच्या वेळी ती मुलींसमोर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ७ निघालं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी खालून दुर्बीण घालून तपासायला पुण्याला पाठवलं.

निरोगी मोठ्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून फिकट गुलाबी आणि ओलसर दिसतं. पातळ कागदातून पलीकडची रेघ दिसावी तशी त्यातून रक्तवाहिन्यांची बारीक जाळी दिसते. ताईच्या अहवालातल्या फोटोंमध्ये ती जाळी पुसली गेली होती. सगळं लाल, खरखरीत, नळीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त पाझरणारं. गुदाशयापासून सुरू होऊन वर डाव्या वळणापर्यंत सलग, मध्ये बोटभरही चांगली जागा न सोडता.

“मूळव्याध नाही हे. कोलायटिस आहे,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे कॅन्सर?”

“नाही.”

“मग बरा होईल?”

डॉक्टरांनी थोडं थांबून उत्तर दिलं, “आटोक्यात राहील.”

*

वैद्यकात ज्याला आयबीडी म्हणतात, तो आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा एक गट आहे. त्यात दोन मोठे आजार येतात, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. दोन्हींत शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्यातल्याच मुक्कामी जिवाणूंवर, आणि पर्यायानं आतड्याच्या अस्तरावर, सतत चालून जात राहते. पण एकाच घरातले दोन भाऊ स्वभावानं अगदी निराळे असावेत, तसे हे आजार आहेत. कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात राहतो. गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर चढतो आणि आतड्याच्या भिंतीच्या आतल्या अस्तरापुरताच मर्यादित असतो. कुणाचा गुदाशयातच थांबतो. तेवढ्याला सपोझिटरी किंवा एनिमातून दिलेलं औषध पुष्कळदा पुरतं. कुणाचा ताईसारखा डाव्या बाजूपर्यंत जातो, कुणाचं सगळं मोठं आतडं व्यापतो. क्रोन्सला अशी शिस्त नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही उमटतो, मध्ये चांगली जागा सोडून पुन्हा पुढे उमटतो, आणि भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो. आरपार जाणं हे त्याचं खरं लक्षण. त्यामुळेच आतडं आकसून अरुंद होतं, किंवा भिंतीला भोक पडून शेजारच्या आतड्याशी, मूत्राशयाशी, कातडीशी भलताच मार्ग तयार होतो.

कोलायटिसला वैद्यकाच्या नोंदीत जागा मिळाली ती एका खुनाच्या खटल्यामुळे. १८५९ साली लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स नावाची चाळिशीतली बाई जुलाब-उलट्यांनी खंगून वारली. तिच्याबरोबर राहणारा डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट आधीच विवाहित होता, आणि मृत्युपत्रात बाईनं सगळं त्याच्या नावे केलं होतं. संशय यायला एवढं पुरेसं होतं. आल्फ्रेड टेलर या नामांकित रसायनतज्ज्ञाला नमुन्यात सोमल सापडला. नंतर त्यानंच कबूल केलं की, तो सोमल त्याच्या परीक्षेत वापरलेल्या तांब्यातून आलेला होता. तरीही ज्युरीनं स्मेथर्स्टला दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली. बाईची आतडी गाय्ज हॉस्पिटलच्या सॅम्युअल विल्क्स यांनी तपासली होती. त्यांना तिथे विषाची खूण नव्हे, तर आतड्याचा दाह आणि व्रण दिसले. अखेर स्मेथर्स्टची फाशी टळली, द्विभार्येच्या गुन्ह्यापुरती कैद तेवढी झाली. पुढच्या अभ्यासकांनी विल्क्स यांचं वर्णन पुन्हा वाचलं आणि काहींनी म्हटलं की, ते बहुधा कोलायटिसचं नसून क्रोन्सचं असावं. म्हणजे ज्या नोंदीपासून या आजाराचा इतिहास सांगायला सुरुवात करतात, तिथेच कोणता प्रकार हा प्रश्न उभा आहे.

पुढची शंभर वर्षं जोराचा कोलायटिस म्हणजे जिवावरचं दुखणं होतं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी कॉर्टिझोनची रीतसर तुलना करून दाखवली, की स्टेरॉइडमुळे या रुग्णांचे प्राण वाचतात. त्याच निबंधात त्यांनी दुखण्याचा जोर मोजायची पद्धत घालून दिली. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच, आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर, किंवा ताप, किंवा रक्त कमी, किंवा ईएसआर (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला, असं असेल तर रुग्णाला भरती करायला हवं. सत्तर वर्षांनंतर आजही डॉक्टर हाच निकष लावतात. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी ताईला पहिला प्रश्न विचारला, तो आकड्याचा. तिनं पिशवीतून घडी घातलेली कालनिर्णयाची पानं काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती एकेक करून शेवटपर्यंत पाहिली. असा कागद त्यांना कुणी पहिल्यांदाच दिला होता.

ताईच्या गोळ्यांचं नाव मेसालामाइन. या औषधामागे दोन माणसं आहेत, ती मला सांगायलाच हवीत. स्टॉकहोमच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या स्वीडनमधल्या सरकारी विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्या संधिवातावर औषध शोधत होत्या. सांधा जिवाणूंमुळे सुजतो अशी त्यांची समजूत, म्हणून एक सल्फा औषध आणि सॅलिसिलिक आम्लाचं एक रूप त्यांनी रासायनिक दुव्यानं जोडलं. १९४० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की, हे सल्फासॅलाझिन कोलायटिसच्या रुग्णांना चांगलंच लागू पडतं. का, हे कळायला १९७७ उजाडलं. ऑक्सफर्डमध्ये ट्रूलव्ह यांच्याकडे काम करणारे बांगलादेशी डॉक्टर ए. के. आझाद खान यांनी औषधाचे दोन तुकडे वेगवेगळे करून रुग्णांना एनिमातून दिले. गुण सॅलिसिलेटच्या तुकड्याचा निघाला; सल्फा नुसतीच वाहक, आणि पुष्कळशा दुष्परिणामांचं मूळ. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो जोड तोडतात, म्हणून औषध नेमकं तिथे मोकळं होतं. मेसालामाइन म्हणजे तोच उपयोगी तुकडा. जपानचे शिंजो आबे यांनी २००७ साली याच कोलायटिसनं बेजार होऊन पंतप्रधानपद सोडलं. २००९ साली जपानात मेसालामाइनची नवी गोळी मिळू लागली, त्यांची प्रकृती सुधारली आणि २०१२ साली ते पुन्हा त्या पदावर आले. २०२० मध्ये दुखणं उलटलं आणि त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. ‘आटोक्यात राहील’ याचा अर्थ हा असा आहे.

*

पुण्यातल्या त्याच ओपीडीच्या बाकावर, ताईच्या दर तीन महिन्यांच्या फेरीत, आम्हाला जालना जिल्ह्यातून आलेली एक माउली आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा भेटला. मुलगा इतका वाळलेला की, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. ताईनं केस पेपर धरून तिला जागा करून दिली आणि दोघी बोलायला लागल्या.

मुलाला वर्षभर उजव्या कुशीत, बेंबीच्या खाली दुखायचं. संध्याकाळी कणकण. जेवलं की पोटात गोळा उठायचा आणि गुडगुड होऊन बसायचा. अकरावीत असताना बसायच्या जागी गळू झालं, ते भगंदर म्हणून दोनदा कापलं, पुन्हा वाहू लागलं. पोटाचं दुखणं आणि हे भगंदर एकाच आजाराची दोन टोकं असतील, हे कुणाच्या मनात आलं नाही. सुश्रुतानं भगंदराचे पाच प्रकार सांगताना त्यातल्या एकाला शतपोनक म्हटलं आहे, म्हणजे चाळणीसारखी अनेक भोकं पडणारं. त्यामागे कोणता आजार होता हे आज सांगता येणार नाही. पण कोवळ्या वयात, पुन्हापुन्हा, एकाहून अधिक तोंडं असलेलं भगंदर दिसलं तर आतडं तपासायला हवं, एवढं आज प्रत्येक शल्यचिकित्सकाला माहीत असायला हवं.

जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा सुजलेला. “आतड्याची टीबी हाय म्हनले, एकेटी सुरू केली,” माउली सांगत होती. “लघवी नारंगी व्हायला लागली तर मला वाटलं, रोग निघायला लागला.” एकेटी म्हणजे क्षयावरची औषधं, आणि लघवीचा तो रंग त्यातल्या रिफाम्पिसिन या गोळीचा असतो. पहिले दोन महिने ताप गेला, वजन दोन किलो वाढलं, घरात पेढे वाटले. चौथ्या महिन्यात पोट पुन्हा दुखू लागलं. सातव्या महिन्यात उलट्या थांबेनात, तेव्हा पुण्याला पाठवलं. दुर्बिणीत व्रण जसेच्या तसे होते, आणि मध्यंतरीच्या काळात आतड्याची वाट अरुंद झाली होती.

त्या पहिल्या डॉक्टरांची चूक मी म्हणणार नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो. क्षयाला आतड्यातली सर्वांत आवडती जागा म्हणजे हाच सांधा, आणि क्रोन्सचीही तीच. दोन्हींत ताप, वजन उतरणं, पोटदुखी, दोन्हींत व्रण, दोन्हींत तुकडा तपासला तर पेशींच्या गाठी, ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. एका अनुभवी पॅथॉलॉजिस्टनी मला स्लाइड दाखवली. क्षयाच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, मध्यभागी चीजसारखी सडलेली जागा. क्रोन्सच्या लहान, सुट्या, विरळ. “पुस्तकात अशा दिसतात,” ते म्हणाले, “माझ्या टेबलावर निम्म्या वेळा गाठच सापडत नाही.” व्रण आतड्याला आडवे असतील तर क्षयाकडे झुकायचं, लांबीच्या दिशेनं उभे असतील आणि मधलं अस्तर फरसबंदीसारखं दिसत असेल तर क्रोन्सकडे. छातीत जुना डाग किंवा पोटात पाणी असेल तर क्षय. भगंदर, तोंडातले फोड, सुजलेले सांधे, लाल झालेला डोळा हे असेल तर क्रोन्स. तुकड्यावर क्षयाचा जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट चाचणी करतात. ती होकारार्थी आली तर प्रश्न मिटला, पण आतड्याच्या क्षयात जंतू इतके थोडे असतात की नकारावर विसंबता येत नाही.

मग उरतो तो उपचार करून पाहण्याचा मार्ग. क्षयाची औषधं सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची. क्षय असेल तर व्रण भरलेले दिसतात. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासांनी या मार्गाला आधार दिला, आणि त्याच संस्थेतून हेही दाखवलं गेलं की, क्रोन्सच्या रुग्णानं हकनाक क्षयाची औषधं घेण्यात गेलेला काळ आतडं अरुंद होण्याकडे नेतो. म्हणजे दुसरी दुर्बीण हा या मार्गाचा निम्मा भाग आहे. रुग्णाला बरं वाटतंय एवढ्यावर विसंबायचं नाही, कारण क्रोन्समध्येही सुरुवातीला काही काळ बरं वाटतं. त्या मुलाला गोळ्या दिल्या गेल्या, दुर्बिणीची तारीख मात्र कुणी दिली नाही. मला राग येतो तो इथे. तालुक्यापासून दीडशे किलोमीटरवर दुर्बिणीचं यंत्र असेल, भरतीचा आणि प्रवासाचा खर्च बुडालेल्या मजुरीतून काढायचा असेल, तर दोन महिन्यांनी पुन्हा या हे वाक्य कागदावरच राहतं.

उलट चूकही तितकीच घातक आहे. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर जंतू मोकाट सुटतात.

क्रोन्स या नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह झालेल्या १४ रुग्णांचं वर्णन छापलं. नावं वर्णानुक्रमानं होती, म्हणून क्रोन यांचं पहिलं. त्यातल्या अनेक रुग्णांवर शस्त्रक्रिया केलेले बर्ग या निबंधावर नाव घालायला तयार झाले नाहीत असं सांगतात. झाले असते तर आज आजाराचं नाव वेगळं असतं. खरं तर ग्लासगोचे केनेडी डॅल्झिएल यांनी हेच १९१३ साली लिहून ठेवलं होतं. त्यांनी त्याची तुलना गुरांच्या जोने या आजाराशी केली होती, आणि जोनेचा जंतू क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद. म्हणजे क्रोन्स आणि क्षय यांची गल्लत फक्त भारतात होते असं नाही, ती या आजाराच्या जन्मापासूनची आहे. त्या जंतूवर दोन वर्षं औषधं देऊन ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी झाली, टिकाऊ फायदा दिसला नाही. आणि क्रोन्स मोठ्या आतड्यातही होतो हे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातल्या लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी १९६० साली नीट दाखवेपर्यंत असे रुग्ण कोलायटिसच्या खात्यावर जमा होत होते.

आजही मोठ्या आतड्यापुरताच आजार असलेल्या सुमारे दहा टक्के रुग्णांत दोहोंपैकी कोणता, हे ठरत नाही. डॉक्टर तसंच लिहून ठेवतात आणि वाट पाहतात. ते प्रामाणिकपणाचं आहे. याशिवाय मायक्रोस्कोपिक कोलायटिस आहे. बहुतेक साठीच्या आसपासच्या बायकांना होणारा, पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, दुर्बिणीत अस्तर अगदी चांगलं. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच सापडणारा. ‘सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका’ असं सांगून परत पाठवल्या जाणाऱ्या आज्यांमध्ये काही अशा असतात. आयबीएस हा मात्र निराळा. नावात एकाच अक्षराचा फरक असल्यानं गोंधळ होतो, पण त्यात व्रण नसतात, रक्त पडत नाही, वजन उतरत नाही, आणि कुणी झोपेतून उठत नाही.

*

हे पाश्चात्त्यांचे आजार, आपल्याकडे क्वचित, असं आपली पुस्तकं सांगत आली. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या अजित सूद आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली. २००३ साली छापलेल्या त्या अभ्यासात कोलायटिसचं प्रमाण लाखात ४४ च्या वर निघालं. त्याआधी १९९२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरशरचा अभ्यास आला होता. तिथे स्थायिक झालेल्या हिंदू आणि शीख कुटुंबांत कोलायटिस मूळच्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळला. देश बदलला आणि आजार वाढला. आपल्या शहरांत आज आपण देश न बदलता तेच करतो आहोत, असं मला वाटतं. अन्न, लहानपणची प्रतिजैविकं, जिवाणूंशी असलेला संबंध, सगळंच बदलतंय. यातल्या कोणत्या धाग्याचा किती वाटा, ते अजून सुटं झालेलं नाही. घराण्यात आजार असेल तर शक्यता वाढते. क्रोन्सशी जोडलेला नॉड२ हा पहिला जनुक २००१ साली सापडला, पण त्याची युरोपात आढळणारी रूपं भारतीयांत जवळपास दिसत नाहीत. तंबाखूचा धूर क्रोन्सला बळ देतो. कोलायटिसमध्ये मात्र सिगारेट सोडल्यावर दुखणं डोकं वर काढतं असं दिसतं. दोन भावांचे स्वभाव वेगळे म्हणालो ते यासाठीही.

औषधांच्या बाबतीत आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अ‍ॅझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त आणि उपयोगी गोळी. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला एक फरक आशियाई लोकांत पुष्कळ आढळतो. तो असेल तर या गोळीनं पांढऱ्या पेशी झपाट्यानं खाली येतात, आणि त्याआधी दोन-तीन आठवड्यांत मूठमूठ केस गळतात. म्हणून केस गळू लागले तर तेल बदलत बसू नये, त्याच दिवशी रक्त तपासावं. दुसरी गोष्ट बायोलॉजिक इंजेक्शनांची. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली आणि या आजाराचं चित्र पालटलं. दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला ते बांधून टाकतं. पण हाच रेणू शरीरात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती भिंत राखून असतो. भिंत काढली की क्षय जागा होतो. म्हणून हे इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, आणि दिल्यावरही खोकला-तापाकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. जालन्याच्या त्या मुलाच्या बाबतीत आधीची एकेटी अगदीच वाया गेली नाही, एवढंच त्या सात महिन्यांबद्दल बरं बोलता येईल. अहमदाबादच्या झायडस कंपनीनं २०१४ च्या अखेरीस अडॅलिम्युमॅबची जगातली पहिली प्रतिकृती बाजारात आणली, त्यानंतर ही इंजेक्शनं इथल्या काही घरांच्या आवाक्यात आली. काहीच घरांच्या, शेतमजुराच्या घरात ती अजून कुणाच्या तरी मदतीनंच येतात.

स्टेरॉइडबद्दल मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. ते आग विझवायला आहे, रोजच्या चुलीसाठी नाही. ताईच्या ओळखीतल्या एकानं जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून तीन वर्षं गोळ्या घेतल्या. चेहरा चंद्रासारखा सुजला, साखर वाढली, खुब्याचं हाड झिजलं.

आणि खाणं. निदान झाल्यापासून ताईला ज्यानं-त्यानं काहीतरी सोडायला सांगितलं. दूध, गहू, तूरडाळ, वांगं, तिखट, आंबट. शेवटी ती मऊ भात आणि मुगाच्या वरणावर आली आणि रक्त भरायचं सोडून आणखी खंगली. दुखणं जोरात असताना चोथा कमी, साधं खाणं ठीक. आतडं अरुंद झालेलं असेल तर सालं, बिया, कच्ची फळं जपून. एरवी दुखणं शांत असताना घरातल्या सगळ्यांसारखं जेवता येतं. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे निव्वळ द्रव पोषणावर ठेवून स्टेरॉइडशिवाय दाह उतरवतात, तेवढं अन्नाचं सामर्थ्य सिद्ध झालेलं आहे. तिखटानं हा आजार होतो हे मात्र खरं नाही, आणि ‘तू जेवणाची हेळसांड केलीस म्हणून’ हे वाक्य कुणाही रुग्णाला ऐकवू नये.

औषधांनी भागत नाही तेव्हा शस्त्रक्रिया. कोलायटिसमध्ये सगळं मोठं आतडं काढलं की आजाराला जागाच उरत नाही. १९७८ साली सेंट मार्क्समध्ये पार्क्स आणि निकल्स यांनी लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती खाली जोडायची रीत दाखवली, त्यामुळे अनेकांची पोटावरची बॅग कायमची राहत नाही. क्रोन्समध्ये कापून आजार जात नाही, तो जोडाच्या जागी परत येतो, म्हणून शक्य तेवढं आतडं वाचवतात. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर क्रोन्ससाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. कोलायटिसला आठ-दहा वर्षं झाली की कर्करोगासाठी ठरावीक काळानं दुर्बीण करून पाहावी लागते. ताईची ती तारीख २०२६ मध्ये येईल. तिनं ती आत्ताच लिहून ठेवली आहे.

*

वाई ते स्वारगेट या रस्त्यावर शौचालय कुठे आहे, कुठलं उघडं असतं, कुठे कडी नाही, कुठल्या हॉटेलचा मालक ‘चहा घेतला तरच’ म्हणतो, हे ताईला तोंडपाठ आहे. ती एसटीत कंडक्टरच्या शेजारची जागा धरते आणि प्रवासाच्या आदल्या दुपारपासून जेवत नाही. सगळं आटोक्यात असतानाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात अ‍ॅली बेन या क्रोन्स असलेल्या मुलीला एका दुकानानं शौचालय वापरू दिलं नाही; तिनं आणि तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २००५ साली अशा रुग्णांना दुकानातलं कर्मचाऱ्यांचं शौचालय वापरू देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली तेव्हा मी ती बातमी म्हणून वाचली होती. ताईबरोबर एकदा एसटीनं जाऊन आल्यावर ती मला कळली. खंबाटकीचा घाट उतरल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “घरून करून यायचं ना!” ती काही बोलली नाही. मी बोललो, आणि मग ती त्यावरून माझ्यावर रागावली, कारण आता सगळ्या गाडीला कळलं होतं.

गेल्या वर्षी तिनं शाळेत आठवीच्या मुलींना सरासरी शिकवताना फळ्यावर तीस आकडे लिहिले. त्या तिच्या २०१८ च्या नोव्हेंबरातल्या नोंदी होत्या. सरासरी ९.६ आली. मग हे आकडे कशाचे ते तिनं मुलींना सांगितलं. वर्ग गप्प होता. मधल्या सुट्टीत दोन मुली तिच्याकडे आल्या. एकीच्या आईला आणि एकीला स्वतःला रक्त पडत होतं. एकीला मूळव्याधच निघाली. दुसरीच्या तपासण्या हा लेख लिहीत असताना चालू आहेत.

जालन्याच्या माउलीला लिहिता येत नाही. ताईनं तिला त्या दिवशी बाकावर सांगितलं होतं की, रोजची खूण ठेवत जा, डॉक्टरला बोलण्यापेक्षा ते कळतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्याच्या फेरीला ती आली तेव्हा लुगड्याच्या पदराला गाठ होती. ज्या दिवशी पोरगं रात्री न कण्हता झोपलं आणि दोन भाकरी खाल्ल्या, त्या दिवशी एक चिंचोका. तिनं गाठ सोडून ते टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी बोटानं एकेक बाजूला सारत मोजले. एकवीस. केस पेपरवर त्यांनी तारखेपुढे तो आकडा लिहिला आणि मुलाला वजनकाट्यावर उभं केलं.